तुम्ही विचारलंत म्हणून: पेटंटच्या भांडणात चूक कोणाची?

पेटंटचं काम करते असं सांगितलं की लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षातही एक प्रश्न ठरलेला असतो: “मग त्या ॲपल आणि सॅमसंगच्या केसमध्ये चोर कोण हो?” आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात येणारे रबाळे-महाप्याचे छोटे कारखानदारही तेच विचारतात, पण त्यांच्या आवाजात काळजी असते. उद्या आपल्याला नोटीस आली तर? दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी हे समजून घ्या की पेटंटच्या खटल्यात चोरी सिद्ध करावी लागतच नाही. समोरच्याचं पेटंट तुम्ही कधी वाचलं नसेल, त्याची वस्तू डोळ्यांनी पाहिली नसेल, तीच युक्ती तुम्हाला स्वतःच्या डोक्याने सुचली असेल, तरी उल्लंघन झालं ते झालंच. कॉपीराइटमध्ये नक्कल केली का ते बघतात. पेटंटमध्ये बघतात ते क्लेम, म्हणजे पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली ती लांबलचक वाक्यं. त्या वाक्यातली एकूण एक गोष्ट तुमच्या वस्तूत सापडली की संपलं. त्यामुळे चोर शोधण्याआधी मी विचारते की हा हक्क मुळात द्यायला हवा होता का? मोजणी न करताच सातबारा लिहून दिला तर शेजारी भांडणारच.

बोट सरकवून फोन उघडायचं ॲपलचं पेटंट घ्या. पडद्यावरच्या चित्रावर बोट टेकवायचं, चित्र बोटाबरोबर सरकतं, ठरलेल्या जागी पोचलं की फोन उघडतो. हक्क मागितला होता तो एवढ्यावर. आयफोनच्या आधी निओनोड नावाच्या स्वीडिश कंपनीचा एक फोन बाजारात आला होता. तोही डावीकडून उजवीकडे बोट ओढून उघडायचा, फक्त बोटाबरोबर सरकणारं चित्र त्यात नव्हतं. म्हणजे सगळा वाद त्या चित्रापुरता. 2012 मध्ये एचटीसी या तैवानी फोन कंपनीबरोबरच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने सांगितलं की ही भर कोणालाही सहज सुचण्यासारखी आहे, पेटंट रद्द. 2015 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातही ते टिकलं नाही. अमेरिकेत मात्र 2014 च्या ज्युरीने सॅमसंगला दोषी धरलं. फेब्रुवारी 2016 मध्ये अपिलात तीन न्यायाधीशांनी पेटंट अवैध ठरवलं, ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. त्या खटल्यातली एकूण भरपाई होती 11 कोटी 96 लाख डॉलर. आणि तोवर ॲपलनेच आयओएस 10 मध्ये, 2016 सालीच, फोन उघडायची ती पद्धत काढून टाकली होती!

एकच युक्ती, पण एका देशात शोध आणि दुसऱ्या देशात काहीच नाही. असं होतं तेव्हा मी कंपन्यांच्या आधी क्लेम मंजूर करणाऱ्या टेबलाकडे बोट दाखवते. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात परीक्षकाला एका अर्जासाठी सरासरी 20 तासांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात अर्ज वाचायचा, आधीचं सगळं साहित्य धुंडाळायचं, वकिलांशी पत्रापत्री करायची. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये त्यांनी पेटंट देऊन टाकलं होतं, ते डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये रद्द करून घेतलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. आपल्या घराघरांतली हळद जिथे सुटली, तिथे निओनोडचं काय घेऊन बसलात?

कंपन्यांना मी मोकळं सोडत नाही. सॅमसंग काही धुतल्या तांदळाची नव्हती: आपला फोन आयफोनशेजारी ठेवून कुठे कमी पडतो याची नोंद करणारा त्यांचाच 132 पानी अहवाल कोर्टात आला होता. एप्रिल 2011 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या, मोठ्या खटल्यात ऑगस्ट 2012 मध्ये ज्युरीने 105 कोटी डॉलर ठोठावले. त्यातली मोठी रक्कम फोनच्या बाह्यरूपाच्या डिझाइनसाठी होती. डिझाइनचं उल्लंघन झालं की वस्तूचा सगळा नफा द्यायचा, हा अमेरिकेतला नियम 1887 चा, आणि तो आला गालिच्यांच्या नक्षीवरून झालेल्या भांडणांतून. गालिच्यात नक्षी हाच माल असतो. फोनमध्ये कॅमेरा, चिप, बॅटरी, शेकडो गोष्टी असतात. डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हिशोब अख्ख्या फोनवरच व्हायला हवा असं नाही. तरीही 2018 च्या ज्युरीने 53 कोटी 90 लाख डॉलर लावलेच, आणि त्याच जूनमध्ये दोघांनी आपापसात मिटवलं. इतकी वर्षं, इतके वकील, आणि अटी काय ठरल्या ते तुम्हाआम्हाला कळलंच नाही.

आपल्याकडेही हे घडलंय. आकुर्डीच्या बजाजने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटवरून टीव्हीएसच्या ‘फ्लेम’ मोटरसायकलला 2007 मध्ये कोर्टात खेचलं. तयार गाडी अडकली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने विक्री सुरू ठेवायला परवानगी दिली आणि बजावलं की असे दावे रोज सुनावणी घेऊन चार महिन्यांत निकाली काढा. चार महिने? दोन्ही कंपन्यांनी ते प्रकरण मिटवलं 2019 मध्ये. पेटंटचं आयुष्य 20 वर्षं आणि त्यातली बारा भांडणात, हे मला सहनच होत नाही. बजाज-टीव्हीएसना ते झेपलं. रबाळ्यात पंधरा माणसांना पोसणाऱ्या कारखानदाराला एवढी वर्षं वकील परवडतच नाही. नोटीस आली की बिचारा खरं-खोटं न बघता माल बंद करतो, आणि वाईट पेटंटची खरी किंमत तिथे मोजली जाते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, नोटिशीची वाट बघू नका. आपल्या कायद्यात कलम 25(1) आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणीही त्याला विरोध नोंदवू शकतं, स्पर्धकच असायला हवं असं नाही. तुमच्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांचे अर्ज पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. ही युक्ती आम्ही आधीपासून वापरतोय असं वाटलं तर जुनी कॅटलॉग, तारखेची बिलं, ड्रॉइंगं काढून ठेवा. कपाटातलं एक जुनं छापील कॅटलॉग अख्खा क्लेम पाडू शकतं. 2024 च्या नियमांनी या विरोधासाठी शुल्क लावलं, आणि विरोधाचा अर्ज विचारात घेण्याजोगा आहे का हे आता कंट्रोलर, म्हणजे पेटंट ऑफिसचा अधिकारी, आधी ठरवतो. उगाच विरोध करून अर्ज लटकवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून हे केलं, मान्य. पण खोटा हक्क थांबवायला आलेल्या माणसाकडून सरकारने पैसे घ्यावेत हे मला पटलेलं नाही, आणि ते शुल्क निदान छोट्या उद्योगांना तरी माफ व्हायला हवं.