मच्छिंद्रीपासून शिरोलीपर्यंत

आत्याचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. लहानपणापासून जातोय, पण नुसते पूल बघायला म्हणून बाहेर पडलो तो यंदाच, जूनच्या पहिल्या आठवड्यात. गंगावेशीत समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायलो आणि शिवाजी पुलावर गेलो.

पूल एकोणिसाव्या शतकातला, काळ्या दगडाच्या कमानींचा. खाली पंचगंगा घाटावर धुणं आपटल्याचे आवाज येत होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं हे पाणी. कठड्यावरून वाकून मी खांबाचा माशासारखा दगडी आकार शोधला. पुराचं पाणी तिथवर चढलं की कोल्हापूरकर म्हणतात, 'मच्छिंद्री झाली!' आकडे नंतर कळतात, शहर आधी या माशाकडे बघतं.

याच पुलावरून 26 जानेवारी 2018 च्या रात्री मिनीबस नदीत कोसळली आणि 13 जण गेले. तेव्हा शेजारचा पर्यायी पूल अर्धवट उभा होता. लगतच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 च्या उत्खननात सातवाहनकाळातलं नगर सापडलेलं, त्यामुळे काम पुरातत्त्वाच्या परवानगीत वर्षानुवर्षं अडकलं. टेकडी जपायलाच हवी. पण ती माणसं आठवली की कठड्यावरचा हात आपोआप घट्ट होतो.

तिथून कसबा बावड्याला, राजाराम बंधाऱ्यावर. इथे मी दोन तास रमलो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांबांची रांग. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवायचं आणि पाऊस लागायच्या आत काढून घ्यायचे. नेमकं तेच चाललं होतं. लोखंडी बर्गा खाचेतून करकरत वर आला, त्याला चिकटलेला काळा गाळ आणि केंदाळाच्या मुळ्या ठिबकत होत्या, आणि खालच्या फटीतून पाणी एकदम उसळलं.

"पावणं, जरा कडंला उभारा," एक काका म्हणाले. मग स्वतःहूनच सांगू लागले, "आत्ता काढलं न्हाईत तर पुढं पाण्याचा जोर लागतोय. मग निघत न्हाईत."

पुराची पातळी मोजतात तीही इथेच: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पावसाळ्यात हा बंधारा स्वतःच पाण्याखाली जातो, नदी त्याच्या अंगावरून वाहते. मला हे फार आवडलं. नदीला आडवं यायचं, पण तिच्या दिवसांत बाजूला व्हायचं.

दुपारी शिरोली पूल. पुणे-बंगळूरु महामार्ग, ट्रकांची रांग, पायाखाली थरथर. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा हाच रस्ता बुडाला आणि शहराची पुण्याकडची वाट तुटली. पुलाखालून नदी जाते, पण दोन्ही बाजूंच्या भरावातून कुठून जाणार? भरावामुळे पाणी तुंबतं, तिथे कमानी करा, ही मागणी इथले लोक पोटतिडकीने करतात. सकाळी शिवाजी पुलाच्या कमानी बघून आलो होतो, मला ती पटली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आत्याचा पहिला प्रश्न, "बर्गं काढली काय रं?"

"काढायला लागलेत."

तिने पदर खोचला, माळ्याला शिडी लावली आणि वर चढली. मी खालून धान्याचे डबे एकेक करून तिच्या हातात देत राहिलो.