कीटण काढणारा परीक्षक

हिरड्यांच्या आजारावरची ट्रायल सुरू करण्याआधी मोजणाऱ्या डॉक्टरांचे हात एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या तरुण डेंटिस्टना मी पुण्यात हेच शिकवते. मागच्या खेपेला जे झालं त्यावरून आमच्या गटात अजून वाद चालू आहे.

पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची, खोली मोजताना प्रोबवर (खुणा असलेल्या बारीक सळईवर) साधारण 25 ग्रॅमचा दाब हवा. जास्त दाबलं की टोक सुजलेल्या हिरडीत घुसतं आणि आजार आहे त्याहून मोठा दिसतो. कमी दाबलं तर टोक तळाला पोचत नाही. म्हणून सकाळी आधी डिजिटल वजनकाटा. प्रोबचं टोक काट्यावर टेकवायचं, आकड्याकडे न बघता दाबायचं, आणि दुसऱ्याने आकडा वाचायचा. हात बसेपर्यंत हेच चालतं. प्रोब यूएनसी-15च लागतो, कारण त्यावर 1 ते 15 पर्यंत प्रत्येक मिलिमीटरची खूण असते. कॉलेजांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या विल्यम्स प्रोबवर 4 आणि 6 च्या खुणाच नसतात, आणि आमचं सगळं घोडं 4 वरच अडतं, कारण उथळ आणि खोल यांतली सीमा तिथेच आहे. दर दाताला सहा जागा, 28 दात असले तर 168 रीडिंग. हिरडीची कड दोन खुणांच्या मध्ये आली तर खालचा आकडा. परीक्षक आकडा बोलतो, लिहिणारा तो मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. आधीच्या परीक्षकाचा कागद त्या खोलीतसुद्धा ठेवायचा नाही.

मग हिशोब. इथे बहुतेक प्रबंध टक्केवारीवर थांबतात आणि मला त्याचा राग येतो. समजा 100 जागा आहेत. 90 ठिकाणी दोघंही ‘उथळ’ म्हणाले, 2 ठिकाणी दोघंही ‘खोल’, आणि उरलेल्या 8 ठिकाणी मतभेद, चार इकडे, चार तिकडे. एकमत 92 टक्के! पण बहुतेक जागा उथळच असल्यामुळे यातलं 88.7 टक्के एकमत नुसत्या योगायोगानेही झालं असतं. तेवढं वजा केलं, की उरलेल्या 11.3 पैकी 3.3 टक्केच खरं एकमत. या प्रमाणाला कप्पा म्हणतात, पूर्ण जुळलं तर तो 1 येतो. इथे तो 0.29. आम्हाला निदान 0.8 हवा असतो. ज्या खोल पॉकेटसाठी ट्रायल करायची त्यावरच दोघांचं जुळत नाही, हे 92 या आकड्यात दिसतच नाही.

त्या दिवशी दोन परीक्षक होते. एथिक्स कमिटीची मंजुरी होती. लेखी संमती दिलेल्या प्रत्येक व्यक्तीला दोघांनीही तपासायचं, मध्ये अर्धा तास विश्रांती, आणि पहिलं कोण हे चिठ्ठीवर. दुपारी कप्पा काढला तर जेमतेम 0.6. काट्यावर तर दोघांचेही हात चांगले बसले होते. कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा दिसलं, की फरक तोंडभर पसरलेले नाहीत. जवळजवळ सगळे खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला, आणि दोघांपैकी एकाच डॉक्टरचा आकडा दरवेळी खोल. दुसरा 3 म्हणतो तिथे हा 4, 5. बारकाईने पाहिलं तर आणखी एक गोष्ट: हे फरक फक्त त्याच लोकांमध्ये, ज्यांना त्याने दुसऱ्या नंबरावर तपासलं होतं. तो आधी गेला असेल तिथे दोघांचे आकडे जुळत होते.

म्हणजे तो गेल्यावर तोंड बदलत होतं. खुलासा मंडईत भाजीचा गाळा असलेल्या मावशींनी केला. “त्या डॉक्टरांचा हात लई हलका आहे हो. किती दिवसांचा खडा टोचत होता जिभेला, काढून दाखवला मला.”

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखाली, लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे कीटण, म्हणजे दातांवर दगडासारखा घट्ट बसलेला थर, सगळ्यात जास्त तिथेच साचतं. ते हिरडीच्या कडेवर चढतं, कड झाकतं, आणि प्रोब कीटणाच्या कंगोऱ्यावर अडून बसतो. रीडिंग उथळ येतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं होतं: कीटण आड आलं तर काढायचं नाही, त्या जागेला 9 हा कोड द्यायचा, म्हणजे ती हिशोबातून वगळायची. एकाने कोड न देता अडलेलं रीडिंगच 3 म्हणून सांगितलं, दुसऱ्याने एक्सप्लोररने (टोकदार आकडीने) खडा उडवून खरी खोली मोजली. चूक दोघांचीही, पण वाद फक्त एकावर होतोय.

खडा काढणाऱ्याला विचारल्यावर तो म्हणाला, “मॅडम, दिसत असताना तसंच कसं सोडायचं?” प्रश्न खरा आहे. त्याचा आकडा मावशींच्या हिरडीच्या जास्त जवळचा होता. पण हेच त्याने ट्रायलमध्ये केलं, तर कंट्रोल गटातल्या (तपासायचं औषध न मिळणाऱ्या) माणसाला मोजणाऱ्याच्याच हातून उपचार मिळतो, दोन गटांमधला फरक पुसट होतो, आणि चांगलं औषधही निरुपयोगी ठरू शकतं. त्या दिवशी कोणालाही उपचारावाचून ठेवलेलं नव्हतं. दोन्ही तपासण्या झाल्या की शेजारच्या खुर्चीवर सगळ्यांचं स्केलिंग, म्हणजे कीटण काढून दात साफ करणं, व्हायचंच होतं. तेवढा वेळ हात आवरायला पाच वर्षांच्या बीडीएसमध्ये कोणी शिकवत नाही, तिथे काम केल्याचे मार्क मिळतात. एमडीएसच्या प्रबंधात तर रुग्ण निवडणारा, उपचार करणारा, मोजणारा आणि आकडे भरणारा बहुधा एकच विद्यार्थी असतो, आणि पद्धतीच्या प्रकरणात ‘ब्लाइंड’ (कोणाला कुठला उपचार मिळाला हे मोजणाऱ्याला माहीत नाही) हा शब्द छापलेला असतो. सीटीआरआय या भारतातल्या ट्रायलच्या नोंदवहीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी, हा नियम आता सगळ्यांना पाठ आहे. मोजणारा आणि उपचार करणारा वेगळा का हवा, हे मात्र कोणी विचारत नाही.

काहींचं म्हणणं, त्याला उपचारांच्या खुर्चीवर पाठवा, परीक्षक करू नका. मला ते पटत नाही. कीटण ओळखतो आणि 3 वर समाधान मानत नाही, असाच माणूस मोजायला हवा. परीक्षकाच्या ट्रेमधून आम्ही एक्सप्लोरर काढून टाकला आहे. आता आरसा, प्रोब, गॉज आणि हवेची सिरिंज, बस्स. दोघांचंही कॅलिब्रेशन पुन्हा होईल, तेही नव्या लोकांवर, कारण आधीच्यांची तोंडं आता साफ झाली आहेत.

खरी अडचण 9 या कोडची आहे. खालच्या आतल्या जागा अशाच गळत गेल्या, तर जिथे आजार जास्त तिथलीच माहिती हातात राहत नाही. सगळ्यांचं आधी स्केलिंग करून काही आठवड्यांनी पहिलं माप घ्यावं, तर जी सूज मोजायची तीच तोवर ओसरलेली असते. निव्वळ हिरडीची कड मोकळी होईल एवढंच कीटण सगळ्यांचं, दोन्ही गटांत सारखं, उपचार करणाऱ्याच्या हातून काढावं आणि मग मोजावं, असा माझा प्रस्ताव आहे. स्टॅटिस्टिशियनला तो मान्य आहे. हा बदल एथिक्स कमिटीपुढे जाईल, आणि तोपर्यंत आम्ही एकही रुग्ण घेणार नाही.