गाण्यानं माणूस बदलतो का?

जालन्यात एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. 1985 ते 2005, वीस वर्षं. आता त्याच जागेत मोबाइलचे कव्हर आणि चार्जर विकतो. पण जुनी ओळख निघाली की प्रश्न ठरलेला. विचारणारा बहुतेक वेळा तिशीतला, पुण्यात नोकरीला असलेला कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या असतो. "काका, तिकडे अमेरिकेत रॉकनं अख्खी पिढी बदलली. वुडस्टॉकचा तो मोठा संगीत महोत्सव झाला, युद्धाविरुद्ध गाणी झाली. आपल्याकडे असं काही झालं का? का नुसतीच लग्नात नाचायची गाणी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हिशेबाच्या वहीत असलं काही लिहिलेलं नसतं.

रॉकचं आधी उरकून टाकतो. मॅग्नासाउंडच्या इंग्रजी कॅसेट मी ठेवायचो, वरच्या फळीवर. गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची पाच-सहा पोरं. एक घ्यायचा, उरलेले त्याच्याकडून कॉपी करायचे. त्यांचे केस वाढले एवढा बदल मी पाहिला. पण तुमच्या प्रश्नातला बदल खालच्या फळीवर होता.

कॅसेट येण्याआधी कुणाचं गाणं छापायचं हे एचएमव्हीसारखी मोठी कंपनी ठरवायची. तबकडी महाग, ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप या लोकगायकांच्या तबकड्या निघाल्या होत्या, नाही असं नाही. पण ज्यांच्या वस्तीत ती गाणी जन्मली, त्यांच्या घरी तबकडी वाजवायला होतं काय? तिथं गाणं यायचं ते गायन पार्टीबरोबर, रात्रभराच्या कार्यक्रमातून, आणि सकाळी पार्टीबरोबरच निघून जायचं. मग आखातातून येणाऱ्या माणसांच्या सामानात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, दिसू लागले, देशातही स्वस्त टेप निघाले. टी-सीरीज आणि व्हीनसनं कॅसेट एचएमव्हीच्या जवळपास निम्म्या किमतीला आणल्या. शिवाय कॅसेट काढायला फार भांडवल लागेना. एक हार्मोनियम, एक ढोलकी, कोरस म्हणणारी चार माणसं आणि एका दिवसाचा स्टुडिओ. बस.

मार्च संपता संपता माझ्याकडे खोकी यायला लागायची. भीमजयंतीचा माल. निळी कव्हरं, त्यावर बाबासाहेबांचा फोटो, खाली कोपऱ्यात गायकाचा. चाली निम्म्या तरी सिनेमाच्या असायच्या, आणि मला तेव्हा ते हलकं वाटायचं. आता वाटत नाही. चाल आधीच तोंडात असली की शब्द पाठ करायला वेळ लागत नाही.

मोंढ्यात धान्य निवडायला जाणाऱ्या एक बाई होत्या. एकदा कॅसेट घेऊन आल्या, पदराच्या गाठीत बांधलेली. टेपनं फीत खाल्ली होती, हातभर बाहेर लोंबत होती. कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढायचे, चुरगळलेला तुकडा ब्लेडनं कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची, पेन्सिल घालून चाक फिरवायचं, हे काम मी दोन रुपयांत करायचो. तसं केलं आणि वाजवून दाखवलं. जोड आला, गाणं किंचित अडखळलं आणि पुढं गेलं. मला वाटलं, झालं काम.

बाई म्हणाल्या, "भाऊ, येवला गेलं की ह्याच्यातून."

मला कळेना. त्यांनी ओळ म्हणून दाखवली. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. मी कापलेला तुकडा दहाएक सेंटिमीटरचा होता, म्हणजे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत 'येवल्याला' हा शब्द होता. बाईंना वाचता येत नव्हतं. कॅसेट त्या कव्हरच्या रंगावरून ओळखायच्या. पण बाबासाहेबांच्या लढ्यात महाड आधी, मग येवला, मग नागपूर हा क्रम त्यांच्या डोक्यात पक्का होता, आणि मधलंच स्टेशन मी उडवलं होतं. माझा थोरला तेव्हा बारावीला होता. रात्री जेवताना त्याला विचारलं, येवल्याला काय झालं होतं रे? म्हणाला, पैठणी. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं, हे खरं सांगायचं तर मीही त्या बाईंमुळेच नीट वाचलं.

हे उगाच घडत नव्हतं. त्या गाण्यांमागे वामनदादा कर्डकांसारखी माणसं होती. वामनदादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग आयुष्यभर गावोगाव गाणी लिहीत, गात हिंडले. ज्याला स्वतःला उशिरा वाचता आलं त्याला न वाचणाऱ्याच्या कानात काय बसतं ते माहीत असणार.

आता दुसरी बाजू. प्रल्हाद शिंदे भीमगीतं गायचे आणि 'पाऊले चालती पंढरीची वाट'ही त्यांचंच. आषाढीला तीच कॅसेट सगळ्यात जास्त खपायची. जुन्या वाड्यातले एक गृहस्थ दरवर्षी यायचे. नाव कशाला घेऊ. एका वर्षी मी काउंटरवर दोन्ही कॅसेट शेजारी शेजारी मांडल्या होत्या. दोन्हीवर फोटो एकच. त्यांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. "हा तोच का?" म्हणाले. मी म्हटलं, तोच. मग त्यांनी पंढरीची उचलली, फोटो खाली जाईल अशी काउंटरवर उलटी ठेवली आणि पैसे मोजले. पुढच्या आषाढीला परत आले, जुनी घासली म्हणून.

या एका गोष्टीवर मी वीस वर्षं विचार करतोय. तो आवाज वाड्याच्या देवघरात रोज पहाटे वाजत होता. आवाजाच्या मालकाला त्या घरात चहा कोणत्या कपात मिळाला असता, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. म्हणजे गाणं आत गेलं, माणूस बाहेर राहिला. याला बदल म्हणायचं की नाही? तुमच्या वुडस्टॉकबद्दलही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि माझं स्वतःचं? दुकानाबाहेर एक स्पीकर होता. त्याच्यावर काय लावायचं हे मी ठरवायचो, आणि मी गिऱ्हाईक बघून ठरवायचो. एप्रिलचे चार दिवस भीमगीतं, कारण तेव्हा तीच गर्दी असायची. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. सोळा वर्षं मराठवाडा ज्या नावावरून पेटत होता, ते नाव अखेर लागलं. संक्रांतीचा दिवस, वस्तीत पेढे वाटले जात होते. नामांतराच्या लढ्याची गाणी असलेल्या कॅसेट माझ्या फळीवर होत्या. मी तो स्पीकर आठवडाभर बंद ठेवला. वायर खराब झाली म्हणून सांगायचो. वायर ठीक होती.

कॅसेट सगळ्यांची झाली म्हणून तिचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. ती सगळ्यांचीच होती. 1990 च्या आसपास अयोध्येच्या भाषणांच्या कॅसेट आल्या. आरडाओरडा, मध्ये मध्ये घोषणा, गाणी. मागणी प्रचंड. त्या मी काउंटरखाली ठेवून विकल्या आणि घरी जाऊन जेवलो. स्वस्तात निघते आणि कुणालाही काढता येते, या एकाच गुणावर येवला आणि अयोध्या दोन्ही माझ्या दुकानातून गेल्या.

मग एमपीथ्री आली. शंभर-दीडशे गाणी एका सीडीत, फुटपाथवर. 2004 साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. पुढच्या वर्षी मी फळ्या काढल्या. काही दिवस मेमरी कार्ड भरून द्यायचा धंदा केला. पोरं यायची, "काय पण टाका काका" म्हणायची. काय पण! वीस वर्षांत हे वाक्य कुणी माझ्या दुकानात उच्चारलं नव्हतं. आता जयंतीला डीजे असतो. माझ्या खिडकीची तावदानं थरथरतात, पण शब्द कळत नाही, येवला असतं की नसतं कोण जाणे. गणपतीतही तेच आहे, तेव्हा हे कुणा एकाला लावून घेऊ नका.

त्या बाईंना मी नवीन कॅसेट दिली होती, अर्ध्या किमतीत. त्यांनी जोडलेलीही परत नेली.

वाड्यातले गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा माझा घरमालक लागतो, दुकानाच्या भाड्याचं असतं काही ना काही. परवा फोन लावला तर कॉलर ट्यूनला तोच आवाज, पंढरीची वाट. मी कानाला लावून ऐकत बसलो. त्यानं जरा लवकरच उचलला.