टँकचे चिलखत आणि पावसाळी हिशेब

आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत वीज लहरीप्रमाणे येते-जाते, तेव्हा इन्व्हर्टरच्या भरवशावर मी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात टँक असलेला, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेऊन साथीदारांना वाचवणारा वॉरियर (योद्धा) खेळतो.

सुरुवातीला मी केवळ डॉज, म्हणजे घाव हुकवण्याची शक्यता, वाढवत गेलो. डॉज साधला की घाव पूर्ण चुकतो हे खरे, परंतु नशिबाने पाठ फिरवून तीन घाव लागोपाठ बसले की जखमा भरून काढणाऱ्या साथीदाराला, म्हणजे हीलरला, उसंतच मिळत नाही; याउलट हेल्थ (जीव) वाढवणारा स्टॅमिना आणि मार कमी करणारे आर्मर (चिलखत) नशिबावर अवलंबून नसतात. १०,००० हेल्थच्या टँकचे आर्मर शारीरिक मार निम्म्यावर आणत असेल, तर त्याला लोळवायला मुळात २०,००० चा मार लागतो. हीच घट ६० टक्के झाली, तर २५,००० चा. (जादूच्या माऱ्यापुढे आर्मर निरुपयोगी, हे मी मरूनच शिकलो.)

२००७ च्या ‘बर्निंग क्रुसेड’ या खेळाच्या विस्तारात मात्र सर्वांआधी डिफेन्स हे बचावाचे कौशल्य ४९० वर न्यावे लागे, कारण त्याखाली रेडचा (मोठ्या गटाने करायच्या मोहिमेचा) बॉस, म्हणजे तिथला बलाढ्य शत्रू, क्रिटिकल घाव घालून दुप्पट मार देऊ शके. तेव्हा एकदा हौसेने जुनी अंगठी काढून स्टॅमिनाची नवी चढवली, तर डिफेन्स ४८७ वर घसरले. नवी अंगठी निमूटपणे पुन्हा पिशवीत गेली.