एआर-३एचा ट्वीटर बंद वाटला, तर आधी पॉट तपासा

अकॉस्टिक रिसर्चने १९६७ साली बाजारात आणलेला एआर-३ए हा स्पीकर आज विक्रीला दिसतो, तेव्हा त्याचं वर्णन बहुधा ठरलेलं असतं: बास उत्तम, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा भाग) गेलेला. घेणारा मग ट्वीटरच्या शोधात महिने घालवतो. खरं तर पुष्कळदा ट्वीटर धडधाकट असतो, सिग्नल वाटेतच अडलेला असतो. म्हणून नवा ट्वीटर विकत घेण्याआधी क्रॉसओव्हर, म्हणजे सिग्नल खालच्या-वरच्या स्वरांत विभागणारं आतलं सर्किट, तपासा.

सुरुवात खोक्याच्या मागून करा. तिथे १, २ आणि टी असे तीन टर्मिनल आहेत. २ आणि टी यांना जोडणारी पत्र्याची पट्टी हरवली असेल, तर फक्त वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग, वाजतो. पट्टी असेल तर ती घासून, स्क्रू घट्ट आवळून पुन्हा ऐका. या स्पीकरचा ट्वीटर मुळातच सौम्य आहे. पाच हजार हर्ट्झच्या वरचंच काम त्याच्याकडे असल्याने दोन मीटरवरून तो बंदच वाटू शकतो. कागदाची नळी करून तिचं एक टोक ट्वीटरच्या डोमसमोर (पुढच्या घुमटासमोर) आणि दुसरं कानाशी धरा, म्हणजे खरं काय ते कळेल. डोमला मात्र काहीही टेकू देऊ नका.

आता आवाज बारीक ठेवून मागचे दोन्ही पॉट, म्हणजे ट्वीटर आणि मिडरेंज (मधले स्वर वाजवणारा भाग) यांचा आवाज कमीजास्त करणारे फिरते कंट्रोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. खरखर झाली, किंवा एखाद्या जागी आवाज येऊन पुन्हा गेला, तर दोष सापडला म्हणायचं. पॉटमध्ये सुमारे १६ ओहमची गुंडाळलेली तार असते आणि तिच्यावरून धातूचा संपर्क सरकतो. वर्षानुवर्षं पॉट एकाच जागी राहिला की या संपर्कावर हिरवट-काळा कळंक चढतो आणि वाट बंद होते.

आत जायचं तर वूफर काढावा लागतो. चुंबक जड आहे, खोकं पाठीवर निजवूनच स्क्रू सोडा. स्क्रूड्रायव्हर घसरला तर कोन फाटतो, तेव्हा त्यावर पुठ्ठा ठेवा. आत फायबरग्लास भरलेला असतो. मास्क आणि हातमोजे घाला, थर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पिशवीत भरा. भरण कमीजास्त झालं तर बास बदलतो. प्रत्येक वायर सोडण्याआधी फोटो घ्या.

पॉट सर्किटमधून पूर्ण सोडवून मोजा. दोन टोकांत १५ ते १७ ओहम यायला हवेत. मीटरची एक पिन टोकाला, दुसरी मधल्या संपर्काला लावून पॉट फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडाला तर पॉट उघडून संपर्काचे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, पाण्याने धुऊन नीट वाळवा आणि शेवटी काँटॅक्ट क्लीनर मारा. भांडी घासायची पावडर नको, तिचे कण तारेच्या वेढ्यांत अडकतात.

तार तुटलेली असेल तर काही जण सरळ ८ ओहमचा एल-पॅड, म्हणजे आवाज कमी करणारा वेगळ्या रचनेचा कंट्रोल, बसवतात. इथे विचार करायला हवा. मूळ पॉट पूर्ण वर फिरवला तरी १६ ओहमची तार ट्वीटरला किंवा मिडरेंजला समांतर राहते आणि फिल्टरला तो भारही दिसतो. एल-पॅड पूर्ण वर फिरवला की तो भार नाहीसा होतो. म्हणून जाणकार एल-पॅडच्या इनपुटवर २५ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात. माझ्या मते मूळ पॉट साफ होत असेल तर तोच ठेवावा.

क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर तीन आहेत: ट्वीटरला ६, मिडरेंजला ५० आणि वूफरला समांतर १५० मायक्रोफॅरड. मोजताना एक पाय सोडवा, नाहीतर क्रॉसओव्हरमधल्या कॉइल आणि वूफर-ट्वीटर आकडा बिघडवतात. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. कपॅसिटर गळका असेल तर मीटर ६चे ९ दाखवतो आणि आपण फसतो. एलसीआर मीटरवर (कपॅसिटर, कॉइल आणि रेझिस्टन्स मोजणारा मीटर) लहान दोन १ किलोहर्ट्झला, मोठा १०० किंवा १२० हर्ट्झला मोजा आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, जरूर बघा. ट्वीटरची ४ ओहमची वाट धरली आणि कपॅसिटरचा ईएसआर २ ओहम झाला, तर साडेतीन डेसिबल तिथेच जातात. उलट ६चे खरोखर ८ झाले असतील, तर कटऑफ, म्हणजे जिथून ट्वीटर वाजू लागतो ती मर्यादा, सुमारे पाव भागाने खाली उतरते आणि नाजूक ट्वीटरवर जास्त ताण येतो.

१५०चा कपॅसिटर जास्त फसवतो. तो आतून तुटला तर वूफर वरचे स्वरही वाजवू लागतो आणि गायकाचा आवाज जाड, घोगरा होतो. तोच शॉर्ट झाला तर वूफर गप्प होतो आणि अॅम्प्लिफायरला कॉइलचा जेमतेम रेझिस्टन्स दिसतो. वूफर बंद आणि अॅम्प तापतोय, अशी जोडी दिसली की ताबडतोब बंद करा.

कपॅसिटर बदलायचेच असतील तर दोन्ही खोक्यांत एकदम बदला. ६साठी १०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या, ३.३ आणि २.७ समांतर जोडले तरी चालतं. ५०साठी ४७ आणि ३.३. १५०साठी नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक, १०० आणि ५० समांतर. पॉवर सप्लायमधला साधा पोलराइज्ड इलेक्ट्रोलिटिक इथे कधीही लावू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ६ मायक्रोफॅरडचा मोटर-रन कपॅसिटर सहज मिळतो. आकाराने मोठा, पण कामाला चोख. पॉलिप्रॉपिलीनसारख्या नव्या फिल्म कपॅसिटरचा ईएसआर नगण्य असतो, त्यामुळे वरचे स्वर थोडे टोचरे वाटले तर मालिकेत अर्धा ओहम टाका.

वूफर बसवताना कडेला मऊ पुट्टीची सलग वळी द्या. सिलिकॉन नको, पुढच्या वेळी वूफर निघणार नाही. स्क्रू समोरासमोरचे आवळत जा. मग चारही बोटांनी कोन अलगद आत दाबून सोडा. तो सावकाश जागेवर आला तर खोकं हवाबंद आहे; झटकन आला तर कुठेतरी गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती पॉटच्या दांड्याभोवती सापडते.