निरोगी बोंडांची पिशवी

२०१८ चा सप्टेंबर. कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाची विषय विशेषज्ञ म्हणून रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कापसाचं बोंड आतून पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीवर शेतकरी प्रशिक्षण ठेवलं होतं आणि बोलायचं मलाच होतं. एकटीनं, पहिल्यांदा.

तयारीत मी कसर ठेवली नव्हती. अडतीस स्लाइड केल्या. पहिलीवर तीन बोधचिन्हं, दुसरीवर ‘सहर्ष स्वागत’. मग किडीचं शास्त्रीय नाव, तिचं कुळ, जीवनक्रमाचं गोल चित्र, २००२ साली बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेला कापूस, आला तिथपासून २०१७ च्या उद्रेकापर्यंतचा इतिहास, आणि शेवटी कीटकनाशकांचा सात रकान्यांचा तक्ता. दोन रात्री खोलीतल्या मैत्रिणीला बसवून मोबाइलवर वेळ लावून म्हणून दाखवलं. बरोबर चाळीस मिनिटं. दुसऱ्या रात्री सोळाव्या स्लाइडला तिला झोप लागली, तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं. पण मी तिला उठवून पुढच्या बावीस ऐकवल्या.

एक गोष्ट मला फार कल्पक वाटली होती. प्रत्यक्ष नमुने. गावात शिरताना रस्त्याला लागून असलेल्या एका वावराच्या धुऱ्यावर गाडी थांबवली, तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारलं आणि दोन पिशव्या भरून हिरवी बोंडं तोडली. एका पिशवीत छिद्रं पडलेली, डागाळलेली. दुसरीत तजेलदार, टणक, एकही ओरखडा नसलेली. मार्करनं पिशव्यांवर लिहिलं, ‘किडलेली’ आणि ‘निरोगी’. एकतिसाव्या स्लाइडला दोन्ही पिशव्या फिरवायच्या, असं ठरलं होतं.

समाजमंदिरात साठएक माणसं होती. पुरुष सतरंजीवर, बायका दाराशी, अर्ध्या आत अर्ध्या पायरीवर. पडदा नव्हता, म्हणून प्रोजेक्टर भिंतीवर मारला. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं ‘झाडे लावा झाडे जगवा’ लिहिलेलं होतं आणि खिडक्यांना दारं नव्हती. बोंडअळीचा पतंग भिंतीवर उमटला तो ‘जगवा’ या शब्दाच्या बरोबर मधे.

हे निभावलं असतं. पण स्लाइड मी ऑफिसच्या संगणकावर कृतिदेवमध्ये टाइप केल्या होत्या आणि सोबत दिलेल्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता. शीर्षकं तेवढी चित्र म्हणून टाकल्यानं वाचली; बाकी सगळा मजकूर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविरामांचा चिवडा. समोरून एक तरुण म्हणाला, “म्याडम, हे कोणत्या भाषेत हाय वो?” सगळे हसले. मीही हसले आणि पुढे निघाले. पाठ होतं ना सगळं! भिंतीकडे तोंड करून मी पाठ केलेलं म्हणत राहिले. लोकांकडे पाहिलं असतं तर आठवलेलं विसरले असते.

साधारण नवव्या स्लाइडला पाठीमागून कट्ट असा आवाज आला. मग पुन्हा. वळून पाहिलं तर दाराजवळच्या टेबलावरची माझी पिशवी एका आजीच्या मांडीवर होती आणि आजी बोंडं फोडत होत्या. सुपारी फोडावी तितक्या सहज. दोन अंगठ्यांनी दाब, आणि बोंडाच्या पाकळ्या उघड्या. शेजारच्या बायका वाकून बघत होत्या. पुरुषांच्या मागच्या दोन रांगाही तिकडे वळल्या होत्या.

मला रागच आला. म्हटलं, “आजी, ते नंतर दाखवणार आहे मी. आणि ती निरोगी बोंडं आहेत. किडकी दुसऱ्या पिशवीत.”

आजींनी मान वर न करता तळहात पुढे केला. उघड्या बोंडात, ओल्या सरकीला चिकटून, तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी अळी वळवळत होती.

“हे निरोगी काय?” त्या म्हणाल्या.

सभागृहात जे हसू फुटलं ते आधीच्या हसण्यापेक्षा बरंच मोठं होतं. माझे कान तापले. त्याहून वाईट म्हणजे माझ्याच तेविसाव्या स्लाइडवर लिहिलेलं होतं की अळी अगदी बारीक असताना बोंडात शिरते, तिचं शिरण्याचं छिद्र बुजून जातं आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. परीक्षेत दहा मार्कांना आलं असतं तर दहाच्या दहा मिळाले असते. आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून मी नुसत्या डोळ्यांनी ‘निरोगी’ बोंडं निवडून आणली होती.

पुढच्या रांगेतला फेट्यातला माणूस म्हणाला, “पण ते त पांढरी हाय. गुलाबी कुठं हाय?”

मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, “मोठी झाल्यावर होते गुलाबी. तवा येचाले आम्ही असतो, तुमी नाई.”

खरं होतं. लहानपणी ही अळी पांढरट असते, डोकं तेवढं गडद. गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. हे मला चित्रावरून माहीत होतं. आजींना ते कवडीवरून माहीत होतं. किडलेल्या बोंडातला कापूस फुलत नाही, पिवळा पडून कवडी होऊन चिकटून बसतो, आणि किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचा दिवस तो ओढून काढण्यात जातो.

मी प्रोजेक्टर बंद केला. काही सुचलं म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर लाज लपवायला. खाली सतरंजीवर बसले आणि म्हटलं, “या पिशवीतली वीस मोजून फोडू.” बायका आत सरकल्या. एकेक बोंड फुटत गेलं, एक पोरगा मोठ्यानं आकडा म्हणत गेला, किडलेलं डावीकडे, चांगलं उजवीकडे. विसात सहा निघाली.

“किती झाली म्हणजे फवारायचं?” मी विचारलं. कुणी पाच म्हणालं, कुणी दहा. मी म्हटलं, दोन. विसात दोन म्हणजे दहा टक्के, तीच आर्थिक नुकसानीची पातळी. हा आकडाही एका स्लाइडवर होता, त्या अर्धविरामांच्या चिवड्यात. सतरंजीवर मात्र तो सगळ्यांना दिसला, कारण डावीकडच्या ढिगात दोनाच्या तिप्पट बोंडं होती.

मग कुणीतरी विचारलं, “कोनाच्या वावरातली हायेत हे?”

मी रस्त्याचं वर्णन केलं. विहीर, मोहाचं झाड. सगळ्या माना फेटेवाल्याकडे वळल्या. सकाळी चहा पिताना त्यांनीच मला सांगितलं होतं की आपल्याकडे अळीबिळी काही नाही, चार फवारे झाले. सकाळी धुऱ्यावर भेटलेला माणूस त्यांचा सालदार होता, हे मला तेव्हा कळलं. एका कार्यक्रमात माणसानं किती चुका कराव्यात!

मी घाईघाईनं म्हटलं, “ही मोजणी खरी नाही. मी फक्त धुऱ्यावरची तोडलीत, तीसुद्धा निवडून. वावरात आडवंतिडवं फिरून वीस झाडांची वीस घ्यावी लागतात.”

“मंग चला,” फेटेवाले काका उठले. रागानं की कसं, तेव्हा कळलं नाही.

अर्धी सभा वावरात गेली. वाटेत जे बोलणं झालं ते अडतीस स्लाइडींत कुठेच नव्हतं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची; ती वावराच्या कडेनं पेरायची असायची, म्हणजे तिथं वाढलेले पतंग बीटीवर तगलेल्या पतंगांशी मिसळतात आणि अळीत प्रतिकार लवकर तयार होत नाही. “ते बारकी पुडी? ते त आमी फेकून देत होतो,” एकजण म्हणाला. “आमाले वाटे वजनाले भर म्हणून देतात.” कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे, एकाला फुकट मिळाले होते, ते त्यानं घरात पंख्याच्या हुकाला टांगले होते. खरं तर ते वावरात, कापसाच्या वर, एकरी दोन लावायचे, आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले तर सावध व्हायचं. फवारणीचा विषय निघाला तेव्हा आवाज खाली गेले. आदल्याच वर्षी जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली होती. एक मजूर म्हणाला, हातमोजे घालून पंप चालत नाही. मी तक्त्यातल्या सात रकान्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन-दोन औषधं एकत्र कालवू नका आणि वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका, एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं.

वावरात काकांनी स्वतः वीस झाडं निवडली. आजी फोडत होत्या. चार निघाली. काका बराच वेळ त्या चार बोंडांकडे बघत राहिले, मग एक पिशवीत टाकून म्हणाले, “बायकोले दाखवतो. ते मनतच होती.”

परतताना त्यांनी मला गाठलं. “तुमी मनता डिसेंबरअखेर कापूस उपटून टाका, फरदड घेऊ नका, म्हंजे तोच कापूस पुढं ठेवू नका. बराबर हाय. पण मंग वावरात काय पेरू? चना पेरला त रोही अन् रानडुकरं ठेवत नाईत. फरदडीत दोन क्विंटल तरी निघते, बिनाखर्चाचं.”

फरदड ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा प्रश्न तो नव्हताच. रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, माझ्याकडे एकही स्लाइड नव्हती.

दुसऱ्या दिवशी अहवाल भरला. उपस्थिती ६३. ‘वापरलेली दृकश्राव्य साधने’ या रकान्यात लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लिहिलं, कारण त्याचे फोटो होते; सतरंजीवरच्या बोंडांचा कुणी काढलाच नव्हता. त्या अडतीस स्लाइडींतल्या आता सहा उरल्यात, सगळ्या फोटोंच्या. त्यातली एक डोमकळीची, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेल्या फुलाची, कारण सप्टेंबरात दाखवायला डोमकळ्या ताज्या मिळतीलच असं नाही. बोंडं मी आता आणत नाही. ज्यांना शिकायचंय त्यांनाच आपापल्या वावरातली आणायला सांगते, आणि पिशवीवर काहीही लिहीत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. “म्याडम, कापूस उपटला. चना पेरला. आता रात्री रोही हाकलाले तुमी या.”