ठासणीची बंदूक आणि न्यू जर्सीचं पार्सल

शाहूपुरीत आमचं कुरियर बुकिंगचं काउंटर आहे. लांबडं पार्सल दिसलं की मी वजनाआधी आत काय आहे ते विचारतो, कारण शिवजयंतीच्या आसपास तलवारी पाठवायला येणारे आपल्याकडं कमी नाहीत आणि सगळ्यांचं उत्तर एकच असतं, "शोपीस हाय ओ". पण आजऱ्याकडचे एक काका घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि त्यांनी सरळच सांगितलं, "बंदूक हाय. पोराला पाठवायची, न्यू जर्सीला."

घोंगडी सोडली तर आत ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू आणि छर्रे ठासून भरायची असली, माणसाच्या खांद्याएवढी, दस्त्यावर हळदीकुंकवाचे थर बसलेले. लॉक म्हणजे घोडा-चापाची कळ, तिच्या पट्टीवर मुकुट, खाली इंग्रजीत टॉवर, म्हणजे लंडनच्या टॉवरचा शिक्का, आणि 1862. दरवर्षी खंडेनवमीला पूजा होते म्हणाले, आणि बोलता बोलता आमच्या पोरग्याला दाखवायला घोडा वर ओढला. म्हणलं काका, आधी ती खाली ठेवा, तोंड भिंतीकडं करा, आणि आता कुणी हात लावू नका. घोडा जिच्यावर आपटून ठिणगी पडते ती टोपी निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या बारक्या नळकांडीवर, नव्हती हे मला दिसत होतं, तरी पण.

तेवढ्यात काकांच्या न्यू जर्सीच्या पोराचा व्हिडिओ कॉल. त्यानं सगळा अभ्यास केलेला. अमेरिकेत 1968 च्या कायद्यानं 1898 पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक धरतात, ते फायरआर्मच्या व्याख्येत बसत नाही, असलं हत्यार तिथलं पोस्टसुद्धा घेतं, आत दारूगोळा नसला म्हणजे झालं. "मग अडचण काय आहे दादा?" आता त्याचं सगळं बरोबरच होतं, पण ते तिथलं. आपल्याकडं नुसतं जुनं असून भागत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुनाट हत्याराला सूट आहे, पण कधी, तर ते दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाही असं असेल तर. ह्या बंदुकीचा घोडा तर लोण्यासारखा चालत होता. म्हणजे लायसन्स पाहिजे. लायसन्स होतं, काकांच्या वडिलांच्या नावावर, शेती संरक्षणाचं, रानडुकरांसाठी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि कागद फाईलमध्ये तसाच.

आणि समजा लायसन्स झालं, तरी बाहेर जाणार कशी? 1972 चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक किंवा कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, आणि एखादी वस्तू त्यात बसते का नाही हे पुरातत्त्व खातं ठरवतं. पोरगा गप्पच झाला. 1862 म्हटल्यावर तिकडं दार उघडतं आणि त्याच 1862 मुळं इकडं बंद होतं. आमची कंपनी जे घेते त्या यादीत तर बंदूक नाहीच, सुटा भाग पण नाही. त्यानं विचारलंच, "मग नुसतं लॉक काढून पाठवलं तर?" म्हणलं नाही बाबा, कायद्यात बंदुकीचे भाग पण बंदुकीतच येतात.

काका म्हणाले, "मग मी आपली घरी घिऊन जातो." ते पण नको, एसटीतनं ती परत नेणं म्हणजे वेगळाच घोळ. ओळखीचा एक लायसन्सवाला गन डीलर आहे त्याला फोन केला, त्यानं पोलिस ठाण्यात कळवलं आणि हवालदारांना घेऊनच दुकानात आला.

आल्या आल्या त्यानं पहिलं काय केलं तर बंदुकीचाच गज, म्हणजे ठासायचा लांब दांडा, काढून नळीत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली, गज बाहेर काढून नळीला वरनं लावून बघितला. गज निपलपर्यंत पोचायला पाहिजे, हा चांगला वीतभर अलीकडंच थांबलेला. परत केलं, तेच. डीलर शांतपणे म्हणाला, "भरलेली आहे."

कुणी काय बोलेना. काकांच्या वडिलांनी कधीतरी ठासून ठेवलेली, आणि तेव्हापासून दरवर्षी पाटावर मांडून झेंडूची फुलं घातलेली, घरची पोरं घोडा ओढून चाप दाबून खेळलेली. मला विचाराल तर सगळ्या कायद्यांपेक्षा हे जास्त भारी होतं. काळी दारू कोरडी राहिली तर तिला वय नसतं, सोरा, कोळसा आणि गंधक, त्यात नासण्यासारखं काय आहे? हे असं कुणीतरी पडद्याचा रॉड म्हणून बुक केलं असतं आणि भर उन्हात हायवेला गाडीत बाकीच्या पार्सलांखाली पडलं असतं तर! टोपीशिवाय ती सहज उडणार नाही हे खरं, पण ठिणगी आणि आग लागायला टोपीच लागते असं थोडीच आहे.

भरलेली काढायचं काम डीलरनं त्याच्या जागेवर केलं, हवालदारांसमोर. नळीत पाणी ओतून मुरू दिलं, सोरा पाण्यात विरघळला की दारू मरते. मग गजाच्या टोकाला स्क्रूसारखं फिरकीचं टोक लावून आधी काथ्याचा बोळा ओढला, मग छर्रे पडले, शेवटी काळा चिखल. हे घरी कुणी करून बघू नका, गज ठोकून तर अजिबात नाही. टॉवरच्या शिक्क्याचं विचारलं तर म्हणाला, असले शिक्के नकली बंदुकांवर पण भरपूर मारलेत, त्यामुळं खरी इंग्लंडची का ते तज्ज्ञच सांगणार.

बंदूक रीतसर जमा झाली, काकांना पावती मिळाली. स्वतःहून जमा करतायत म्हटल्यावर साहेबांनी पण समजुतीनं घेतलं. आता वारस म्हणून लायसन्ससाठी कलेक्टर ऑफिसला अर्ज, नाही मिळालं तर लायसन्सवाल्याला विकायची. पोरगा म्हणतोय दसऱ्याला येऊन बघतो. पण अर्जाला बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि आजवर जिच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं त्या बंदुकीवर आता काकांच्या धाकट्या भावाचा पण जीव जडलाय. तो सही करेना.